काशीबाईची ठेव

काशीबाईच्या शेवटच्या शब्दावरून सातपाटीतल्या त्या घरात तीन पक्ष पडले. शब्द एकच होता आणि अवघडही नव्हता. "ठेव," असं ती म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "ठेव." त्यानंतर ती काही बोलली नाही, आणि संध्याकाळी गेली.

जन्मभर तिनं पालघरच्या बाजारात मासळी विकली. कानाला फोन लावून भाव करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती सरळ सांगायची, "आदी फोन ठेव, मंग पापलेट उचल." गिऱ्हाइकं हसत आणि फोनवरच बोलत राहत. घरातही तिचं बोलणं कोणी पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. दिरानं नाही, आणि नणंदेनं तर नाहीच. जाता जाता उच्चारलेला हा शब्द मात्र सगळ्यांनी उचलला, घरी नेला आणि ज्यानं त्यानं आपापल्या मिठात मुरत घातला.

निमित्त झालं बँकेचं. तिचा नवरा पुंडलिक स्वतःच्याच बोटीवर तांडेल होता. सुकाणू त्याच्या हातात, खलाशी त्याच्या शब्दात. गुडघे गेले तेव्हा त्यानं बोट विकली. बोटीचे पैसे आणि काशीबाईनं कमरेच्या पिशवीत साठवलेले पैसे एकत्र करून दोघांनी पालघरच्या एका बँकेत मुदत ठेव केली, दोघांच्या नावावर. व्याज महिन्याच्या महिन्याला यायचं. त्यात दोघांचा चहा-भात, त्याच्या गोळ्या आणि तिची मशेरी भागायची. कोणापुढे हात पसरायचा नाही, एवढा एकच धर्म पुंडलिकानं मनापासून पाळला होता आणि त्या धर्माचं देऊळ म्हणजे ती ठेव.

त्या ठेवीची मुदत भरली नेमकी काशीबाई बोईसरच्या हॉस्पिटलात असताना. खाटेशी मुलगी दीपिका बसली होती, पायथ्याशी पुंडलिक. खिडकीत धाकटा दीर नामदेव, आणि दारात नणंद येसूबाई व तिचा मुलगा जितेश. दीपिकाचा हात आईच्या कपाळावर होता. फोन वाजला तसा तिनं हात उचलून फोन घेतला. बँकेतून विचारत होते, ठेवीचं पुढे काय करायचं. "मुदत ठेव ना? हो, दोघांच्या नावावर आहे," दीपिका म्हणाली, आणि तेवढ्यात काशीबाईनं डोळे न उघडता तो शब्द उच्चारला.

बारावं झालं. पाहुण्यांची पानं उचलली गेली. हात धुऊन येईपर्यंत नामदेवकाकाला राहवलं नाही. तो एकेकाळी मच्छीमार सोसायटीवर संचालक होता. खुर्ची गेली, पण भाषा त्याच्याकडेच राहिली.

"वहिनींचा मनोदय स्पष्ट होता, दादा," तो म्हणाला. "ठेव म्हणजे पतसंस्थेतली ठेव. सहकार हा आपल्या समाजाचा कणा आहे."

पतसंस्था त्याच्या व्याह्याची होती, हे तो बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

"कणा कसला," येसूबाई म्हणाली. "कासी माझ्याकडं बगून बोलली. अंगावर ठेव, असं तिला बोलायचं होतं. सोनं घेवाचं नि अंगावर ठेवाचं. सोन्याला काय दर लागतो? रोज वर जातंय."

"आत्या, तिचे डोळे मिटलेले होते," दीपिका म्हणाली.

"मिटल्या डोळ्यांनी बगितलं. बायकांना समजतं ते."

"आणि कोणाच्या अंगावर?"

येसूबाईचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला.

तिसरा पक्ष जितेशचा. तारापूरच्या एमआयडीसीत तो एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर होता. कामगारांशी हिंदीत, साहेबांशी इंग्रजीत आणि पैसेवाल्यांशी तिन्ही भाषांत बोलायचा. फावल्या वेळात 'दर्यालक्ष्मी मल्टिस्टेट' नावाच्या एका सोसायटीसाठी ठेवी गोळा करायचा. सोसायटीचं ऑफिस बोईसरला, काचेचं, आत एसी. दर महिना दीड टक्का, वर भिंतीवरचं घड्याळ भेट.

"मामी एकदा नाय बोलली," जितेश म्हणाला. "दोनदा बोलली. दोनदा म्हणजे काय? डबल. पाच वर्षांत डबल. मामीला सगळं कळत होतं."

दीपिका बोईसरच्या एका शाळेत मराठी शिकवायची. एका क्रियापदाचे इतके अर्थ तिनं वर्गात कधी निघताना पाहिले नव्हते. तिचा नवरा सुजीत तेवढा शब्दाच्या वाटेला गेला नाही. त्यानं मोबाइलवर चढती रेघ दाखवली आणि म्हणाला, "बाबा, म्युच्युअल फंडात टाका आणि पंधरा वर्षं हात लावू नका."

"पंधरा वर्सांनी मी हात कुठून लावू?" पुंडलिकानं विचारलं. "तिकडून?" त्यानं मान वर करून छपराकडे पाहिलं. सुजीतनं फोन खिशात घातला.

पुंडलिक पुढच्या आठवड्यात दीपिकाला घेऊन बँकेत गेला. तिथली अधिकारी हेतल मोठी हसतमुख मुलगी. तिनं दोघांना पाणी दिलं, काशीबाई गेल्याचं वाईट वाटलं म्हणाली आणि त्याच मऊ आवाजात नवा दर सांगितला. दीपिकानं मनातल्या मनात हिशेब केला. महिनाअखेरीचे काही दिवस आता व्याजाबाहेर राहत होते. गोळ्या घेतल्या तर भात नाही, भात घेतला तर गोळ्या नाहीत, अशा बेताचा तो दर होता.

पुंडलिकानं खुर्ची पुढे ओढली. "शेवटचं बोला."

"म्हणजे, काका?"

"हा तुमचा पयला भाव झाला. शेवटचा सांगा."

"भाव नसतो काका, दर असतो. तो वरून येतो."

"वरून म्हंजे? पावसासारका?"

"मुंबईहून."

"मंग मुंबईला लावा फोन. मी बोलतो."

हेतल गोड हसली. "तुमच्या वयाला अर्धा टक्का जास्त असतो काका. तो धरूनच सांगितलाय."

"आनि आणकी म्हातारा झालो तर?"

"ऐंशीनंतर कुठे कुठे अजून थोडं मिळतं."

"तवर जगायला खावं लागतं ना, बाय. त्याचंच बोलतोय मी."

हेतलनं मग खणातून एक रंगीत कागद काढला. पॉलिसी होती. ज्येष्ठांसाठी, खास. दहा वर्षं हप्ते भरायचे.

"मी मेलो तर पैसे कुणाला?"

"नॉमिनीला. म्हणजे ताईंना."

"आनि नाय मेलो तर?"

"तर हप्ते चालू राहतील."

पुंडलिक दीपिकाकडे वळला. "ही पोरगी टोपली घेऊन बसली असती, तर तुज्या आयचा धंदा बसवला असता."

बाहेर पडल्यावर रिक्षा बाजारावरून गेली. काशीबाईच्या जागेवर दुसऱ्या एका बाईनं टोपली मांडली होती. पुंडलिक पूर्ण वेळ दुसऱ्या बाजूचं मोबाइलचं दुकान पाहत राहिला, जणू त्याला एक घ्यायचाच होता.

दीपिकानं तेव्हा विचारून पाहिलं, की बोईसरला आमच्याकडे राहायला का येत नाहीस. तिसऱ्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट होता. गॅलरीतून कारखान्यांच्या चिमण्या दिसत.

"येईन," पुंडलिक म्हणाला. "पन आडवा."

हा माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशावर राहिला तरच टिकेल, नाहीतर व्याजाआधी तोच कमी होत जाईल, हे दीपिकाला आई गेल्यापासून दिसत होतं. म्हणून दीड टक्क्याची तिला भीती वाटत होती. दर मोठा होता आणि तिच्या बापाची गरज अगदी तेवढीच होती.

जितेशलाही ते माहीत होतं. तो एक दिवसाआड येऊ लागला. येताना जिलबी आणायचा आणि जाताना मामाच्या पाया पडायचा. किनाऱ्यावर मोठं बंदर होणार म्हणून गावागावांतून विरोध चालू होता. मोर्च्यात जितेश पुढे असायचा, घोषणा त्याच्याइतकी कोणी ताणत नसे. आणि त्याच बंदरामुळे आसपासच्या जमिनींचे भाव कसे वर जाणार, हे तो मामाला ओसरीवर बसून समजावत होता.

"तुमची सोसायटी पैसे घालते कुठे?" दीपिकानं एकदा विचारलं.

"जमिनीत, ताई. बंदर आलं की सोनं आहे."

"सकाळी तर तू बंदर येऊ देणार नव्हतास."

"ते समाजासाठी," जितेश जराही न अडखळता म्हणाला. "हे फॅमिलीसाठी."

मुहूर्त त्यानंच काढला. अक्षय्य तृतीया. त्या दिवशी ठेवलेलं संपत नाही म्हणे. दीपिका सकाळीच सातपाटीला पोचली, तर ओसरीवर बैठक भरलेली. सतरंजीवर कागद, कागदावर पेन आणि बाजूला घड्याळाचं खोकं. येसूबाई नवं लुगडं नेसून आली होती. नामदेवकाका निषेध नोंदवायला आला होता आणि चहा घेऊन बसला होता.

"बाबा, सही करायची नक्की झालं?"

पुंडलिक बराच वेळ पेनचं टोपण फिरवत राहिला. "दराचं सोड, दीपे. कमी खाईन. पन कासी बोलली ना. मी पायाशी होतो, मी ऐकलं. जन्मात तिनं मला कंदी सांगितलं नाय, हे कर नि ते कर. एकदाच सांगितलं, तर ते बी करू नको?"

हे ऐकून जितेशनं डोळ्यांना रुमाल लावला. रुमाल इस्त्रीचा होता.

दीपिका उंबऱ्यावर बसली. तिला ठाऊक होतं, की आकडे मांडून आता उपयोग नाही. बाप दराला भुलला नव्हता, शब्दाला धरून बसला होता. तो शब्द त्याच्या हातातून सोडवल्याशिवाय पेन सुटणार नव्हतं. आणि सोडवायचा कसा? तिच्याकडे त्याचा एक अर्थ होता. पण तो या सतरंजीवर, घड्याळाच्या खोक्याशेजारी काढून ठेवायची कल्पनाही तिला सहन होत नव्हती. येसूआत्या गळ्यात पडून रडली असती. नामदेवकाका त्यावर चार शब्द बोलला असता. संध्याकाळपर्यंत तो अर्थ बोटींच्या धक्क्यापर्यंत पोचला असता.

वेळ काढायला म्हणून तिनं विचारलं, "जितेश, तू स्वतःचे किती ठेवलेस रे दर्यालक्ष्मीत?"

"मी? मी तर एजंट आहे ताई. एजंटचं वेगळं असतं."

"याचे कुठले तिकडं," येसूबाई कौतुकानं म्हणाली. "याच्या बायकोनं सगळे बँकेत ठेवलेत. याला हात लावू देत नाय. हुशार हाय सून माझी."

"आई, तू गप बस."

"का? हाय ना बँकेत? आरडी पन हाय."

नामदेवकाकाला चहाचा ठसका लागला. जितेश घाईघाईनं म्हणाला, की आधीच्या ठेवी मुदतीआधी मोडल्या तर दंड बसतो, एवढंच कारण. पण पुंडलिकानं टोपण पेनला परत लावलं होतं. तरी पेन हातातच होतं.

"बँकेत ठेवलं म्हणून काय झालं," तो हळू म्हणाला. "कासीनं सांगितलं ते सांगितलं."

तेव्हा दीपिकाला ते सुचलं.

"बाबा, ती बोलली तेव्हा मी काय करत होते?"

"तू? तू फोनवर बोलत हुतीस."

"मोठ्यानं?"

"तुजा आवाज काय बारीक हाय? मास्तरीण तू."

"मग बाजारात कानाला फोन लावून कोणी आलं, की आई काय म्हणायची?"

पुंडलिकाचे ओठ नुसते हलले. मग त्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी तो खोकतोय असं वाटलं. काशीबाई गेल्यापासून तो हसला नव्हता, त्यामुळे ओळखायला वेळ लागला.

"फोन ठेव," तो म्हणाला. "आयला. फोन ठेव. तिला झोपायचं हुतं नि तू तिच्या कानाशी बँकेशी बोलत बसलीस."

"पण मामा, दोनदा—"

"मी एका हाकेत फोन ठेवते का कधी?" दीपिका म्हणाली.

"नाय ठेवत," पुंडलिक म्हणाला. "कंदी नाय ठेवला." तो डोळे पुसत हसत राहिला. सहकार, सोनं आणि दीड टक्का असे तिन्ही पक्ष एकमेकांकडे पाहत बसले. सगळ्यांत आधी येसूबाईला भान आलं. "मला तेवाच वाटलेलं," ती म्हणाली. "कासी पैशाचं कशाला बोलेल?"

पैशाचा प्रश्न अर्थातच हसण्यानं सुटला नव्हता. दीपिका पोस्टात चौकशी करून आली होती, ते तिनं तिथेच मांडलं. ज्येष्ठांच्या योजनेचा दर बँकेपेक्षा बरा होता; पण तिथलं व्याज तीन महिन्यांनी हातात येणार. म्हणून थोडे पैसे बँकेतच, वेगवेगळ्या मुदतींचे, म्हणजे एका वेळी सगळं अडकणार नाही. एवढं करूनही थोडी तूट राहत होती.

"कासी ती कुठून भरायची?" पुंडलिकानं स्वतःलाच विचारलं, आणि सगळ्यांनी एकदम माळ्याकडे पाहिलं.

दर उन्हाळ्यात काशीबाई थोडे पैसे बाजूला काढायची. वलांडीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांबूंच्या मांडवांवर वाळलेले बोंबील ती बायकांकडून विकत घ्यायची, गोणीत दाबून माळ्यावर टाकायची. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या आणि ओली मासळी दिसेनाशी झाली, की तेच बोंबील काढायची. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मनोरच्या बाजारात डोंगराकडची माणसं सुकी मासळी घ्यायला येतात. तिथं तिला हवा तो भाव मिळायचा. तो भाव मुंबईहून येत नसे. घरात कोणी त्याला व्याज म्हटलं नव्हतं, कारण त्याला वास होता.

"मामा, सीरियसली?" जितेश म्हणाला. "बोंबलात पैसे घालणार? बोंबलतील."

"बोंबील खराब झाला तर वास येतो, जित्या. शेजारपाजारला बी समजतं. तुज्या काचेच्या ऑफिसात एसी हाय, तितं कसा समजणार?"

"आनि मनोरला घेऊन जानार कोण?" येसूबाई म्हणाली. "तुजे गुडगे?"

"तू जाशील."

"मी? फुकट?"

"वाटा दीन."

येसूबाईनं गळ्यातल्या सोन्यावरून बोट फिरवत विचार केला. "शेवटचं बोल," ती म्हणाली, आणि भावाबहिणीचा सौदा सुरू झाला. तो बराच चालला. तेवढ्यात नामदेवकाका 'पतसंस्थेचा दर पुढच्या महिन्यात वाढणार आहे' एवढं सभेच्या इतिवृत्तात जावं अशा आवाजात सांगून निघून गेला. जितेशनं कागद गुंडाळले. घड्याळाचं खोकं उचलताना तो जरा घुटमळला.

"ऱ्हाऊ दे ते," पुंडलिक म्हणाला. "आमाला वेळ कळतो."

दुपारी सगळे पांगल्यावर पुंडलिक जेवून आतल्या खाटेवर आडवा झाला. कितीतरी दिवसांनी त्याला पडल्या पडल्या झोप लागत होती. दीपिका भांडी आवरत होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ध्वनिमुद्रित बाई अत्यंत आनंदानं सांगत होती, की आपल्या मुदत ठेवीच्या नूतनीकरणासाठी एक दाबा.

"दीपे," आतून आवाज आला. "फोन ठेव."

तिनं ठेवला.

"खरंच फोनचंच बोलली ना गं ती?" त्यानं अर्धवट झोपेत विचारलं.

"हो, बाबा."

पहिल्यांदा म्हणाली ते फोनचंच असेल. पहिला शब्द ऐकल्याबरोबर दीपिकानं बँकेला नंतर बोलते म्हणून सांगितलं होतं आणि फोन बंद करून चादरीवर टाकला होता. तोपर्यंत जितेश येसूआत्याला घेऊन चहाला जायला वळला होता, काका खिडकीबाहेर पाहत होता, आणि वडील आईच्या पायांवरचं पांघरूण नीट करत होते. मग काशीबाई पुन्हा म्हणाली, "ठेव." दीपिकानं फोनकडे पाहिलं. तो बंद होता. तिनं आपला हात आईच्या कपाळावर होता तिथे परत ठेवला. कपाळाची आठी गेली.

आतमध्ये वडील घोरायला लागले होते. दीपिकानं उरलेली भांडी विसळली, पालथी घातली आणि माळ्यावर चढून गोण्यांची जागा झाडायला घेतली.